आतून कडी

रेक्टरबाईंना दार वाजवायची सवय नव्हती. मुलींच्या वसतिगृहात त्या अठरा वर्षं रेक्टर होत्या आणि त्यातल्या गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी एकाही दारावर टकटक केली नव्हती. आधी दार ढकलायचं आणि मग "तपासणी" म्हणायचं, असा त्यांचा क्रम होता. मुली त्यांना पाठीमागे "वारा" म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

दारं नुसती ढकलून उघडत, कारण वसतिगृहात एकाही दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी होत्या. बाईंच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक मुलगी तापाने फणफणून खोलीत बेशुद्ध पडली. कडी आतून लावलेली. सुताराला शोधून आणून दार फोडेपर्यंत पाऊण तास गेला. मुलगी वाचली, पण पुढच्या दोन रात्री बाई व्हरांड्यात दारं ढकलून बघत फिरल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच सुताराकडून चौसष्टच्या चौसष्ट खोल्यांच्या कड्या काढवल्या आणि भोकं लांबीने बुजवून घेतली. मग नियम म्हणजे नियम, म्हणून आवारातल्या स्वतःच्या क्वार्टरमध्ये येऊन तीन वर्षांच्या लेकीच्या खोलीचीही कडी काढायला लावली. पासष्ट पितळी कड्या एका पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि तो डबा भांडारघरात ठेवला. टाकून दिल्या नाहीत. बाई काहीच टाकून देत नसत.

दरवर्षी प्रवेशाच्या आठवड्यात सभागृहात पालकांसमोर त्यांचं भाषण ठरलेलं. आत राहणं आणि बाहेर राहणं, यांतला फरक. आत चोवीस तास पाणी, बाहेर नळाला तासभर धार. आत वेळेवर ताट, बाहेर स्वतः रांधा नाहीतर उपाशी झोपा. आत वाचनालय चार मिनिटांवर आणि फाटकावर पहारेकरी, बाहेर घरमालकाची लहर आणि अंधारा जिना. "बाहेर स्वातंत्र्य असतं म्हणतात," एवढं बोलून बाई थांबत, चष्मा पुसत आणि पुढे म्हणत, "दोन महिन्यांत त्याच मुली माझ्या ऑफिसात रडत येतात." पालक माना डोलवत. यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ज्याचं सगळंच खरं असतं त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून?

तेच पालक पुढे अवेळी भेटायला येत. एखादी आई सहा-सहा तास प्रवास करून, हातात पिशव्या घेऊन, बुधवारी दुपारी फाटकाशी उभी राही. बाई ऑफिसच्या खिडकीतून डोकं न काढताच सांगत, "भेटायची वेळ रविवारी, चार ते सहा." बाईंचा आवाज यात चढत नसे आणि उतरतही नसे. नंतर त्या आईचं काय होई, हे बघायला त्या कधी थांबल्या नाहीत. पुढचं काम असे.

यंदा लेकीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. बाईंनी तिला काही न विचारता खोली नंबर बारा तिच्या नावावर लिहून टाकली. तळमजला, ऑफिसच्या शेजारची, सकाळचं ऊन येणारी. सगळ्या खोल्यांत ती चांगली. आपण लेकीला झुकतं माप देतोय, या विचाराने त्यांना थोडं अपराधीही वाटलं होतं. लेकीने मात्र त्या रात्री जेवताना ताटाशेजारी एक छापील कागद ठेवला.

तो "बाहेर राहण्याचा अर्ज" होता आणि तो स्वतः बाईंनीच तयार केलेला होता. पहिल्या वर्षाच्या मुलीला बाहेर राहायचं असेल तर पालकाची सही लागे, आणि रेक्टरने ती बाहेरची खोली स्वतः जाऊन तपासलेली लागे. एकवीस प्रश्न होते. खिडकीला गज आहेत काय, न्हाणीघर कितीजणांत आहे, जिन्यात दिवा आहे काय, असे. आठ वर्षांत मोजून अकरा मुली त्या एकवीस प्रश्नांतून पार झाल्या होत्या. प्राचार्यांनी एका बैठकीत या अर्जाचं कौतुक केलं होतं. बाईंना ती बैठक तारखेसकट आठवत होती.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"तूच छापलायस. वाच," लेक म्हणाली आणि जेवत राहिली.

पुढचे चार दिवस त्या दोन खोल्यांच्या घरात कोणी कोणाशी सरळ बोललं नाही. बाई भांडी आपटत, लेक कपाट आपटे. बाईंनी आपलं सभागृहातलं भाषण घरात तुकड्यातुकड्याने वापरून पाहिलं. लेकीने ते इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं वाक्य तीच आधी म्हणून टाके. पाणी तासभरच येतं, हो. कॉलेज बावीस मिनिटं चालत, हो. खाली शिलाई मशीन दिवसभर खडखडतं, तेही हो. तिने एकही गोष्ट नाकारली नाही आणि त्यामुळे बाईंच्या अंगाचा अधिकच तिळपापड झाला. शेवटी त्यांनी विचारलं, की सगळंच वाईट आहे तर मग तिथे चांगलं आहे तरी काय?

"तू नाहीस," लेक म्हणाली.

बाई उठून ओट्याशी गेल्या आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला लागल्या. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा. त्याला फोन करून त्यांनी सगळं सांगितलं. तो नेहमीप्रमाणे दोघींचंही बरोबर आहे म्हणाला. बाईंनी फोन ठेवून दिला. या माणसाला कोणी मत विचारत नसे ते उगीच नव्हे.

लेकीचा राग मात्र चार दिवसांचा नव्हता, सात वर्षांचा होता. ती वसतिगृहाच्या आवारात वाढली. लहानपणी मुलींनी तिला कडेवर नाचवलं, तिच्या वेण्या घातल्या, एकतिसाव्या खोलीतल्या एका ताईने तिला पोहायला शिकवलं. अकरा वर्षांची असताना एकदा जेवता जेवता ती सहज बोलून गेली, की ताईच्या खोलीत चहा किती छान होतो, तिच्याकडे छोटी विजेची शेगडी आहे. विजेच्या शेगडीला वसतिगृहात बंदी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा एकतिसाव्या खोलीत शिरला, शेगडी जप्त झाली आणि ताईची खोली गेली. त्या दिवसापासून मुलींनी लेकीचं नाव "हजेरी" ठेवलं, कारण ती आली की रेक्टरकडे नोंद झालीच. ती कुठल्याही खोलीत गेली की आतलं बोलणं बंद पडे. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. नुसती तिची जागा सोडून सगळ्या दुसरीकडे बसत.

बाईंच्या मते यात त्यांची काही चूक नव्हती. शेगडीने आग लागली असती तर? चौसष्ट खोल्यांची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर असते त्याला घरात ऐकलेलं घरात ठेवता येत नाही. हे त्यांनी लेकीला तेव्हाही सांगितलं होतं आणि परवाही सांगितलं.

"मग घरात तुला काही सांगायलाच नको होतं," लेक म्हणाली. "ते मला त्या वर्षी कळलं. तुला आत्ता कळतंय."

बाईंनी ठरवलं, की तमाशा नको. नियमाने जायचं. अर्ज आलाय, तर तपासणी होईल. एकवीस प्रश्नांतून ती खोली पार होणार नाही याची त्यांना खात्री होती. शनिवारी पाच वाजेपर्यंत मंजूर अर्ज कचेरीत गेला नाही, तर लेकीचं नाव आपोआप खोली नंबर बाराला लागणार होतं. म्हणजे आईला वाईटपणा घ्यायचं कारणच नव्हतं. वाईटपणा अर्ज घेणार होता.

गुरुवारी त्या तपासणीला निघाल्या. चामडी फाईल, मोजपट्टी आणि टॉर्च, सगळा सरंजाम बरोबर. खोली एका शिवणवाल्या बाईंच्या घरावर होती. खालच्या खोलीत मशीन आणि कापडाचे ढीग, बाहेरून जिना आणि वर एकच खोली. शिवणवाल्या बाई साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात टेप. रेक्टरबाईंनी आपली ओळख हुद्द्याने करून दिली. शिवणवाल्या बाईंनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत नजर टाकून, ब्लाउज खांद्यात ओढतोय, एवढंच सांगितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तिथेच दोघींचं बिनसलं.

वर लेक उभीच होती. आईला पाहून ती बाजूला सरली आणि म्हणाली, "या, रेक्टर मॅडम. बघून घ्या." जन्मात पहिल्यांदा ती आईला "तुम्ही" म्हणाली. बाईंना ते चपराकीसारखं लागलं, पण फाईल हातात असताना त्यांना काही लागत नसे. त्यांनी खिडकी मोजली, गज हलवून पाहिले, नळ सोडला, बटणं दाबली, गादीखाली टॉर्च मारला. सवयीने कपाट उघडलं. त्यात लेकीचे दोन ड्रेस टांगलेले दिसले. म्हणजे सही व्हायच्या आधीच हिने बिऱ्हाड थाटलं होतं. बाईंनी कपाट जोरात लावलं.

पण खोली चांगली निघाली. एकामागून एक "आहे, आहे, आहे" असं लिहिताना बाईंच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. तेरा प्रश्न झाले. चौदावा आला: दाराला आतून भक्कम कडी आहे काय?

कोणाला वाटेल, की ज्या बाईने वसतिगृहाच्या कड्या काढल्या तिनेच हा प्रश्न कसा घातला. बाईंकडे त्याचंही उत्तर होतं. वसतिगृहात दाराबाहेर त्या स्वतः असतात, म्हणून कडी नको. दुसरीकडे दाराबाहेर कोण असेल कोण जाणे, म्हणून कडी हवीच. आणि ती तपासायची रीतही त्यांनी घालून दिली होती. मुलीने आतून कडी लावायची, रेक्टरने बाहेरून खांद्याने ढकलायचं. दार उघडलं की अर्ज नामंजूर.

बाईंनी दार ओढून पाहिलं. आतून कडी नव्हती. पूर्वी इथे शिवणवाल्या बाई कापड ठेवत. कापडाच्या ढिगाला कडी कशाला लागते? बाईंचा चेहरा इतका उजळला, की लेकीला तो दिसल्यावाचून राहिला नाही. त्यांनी मोठ्या अक्षरात "नाही" लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पुढचे प्रश्न न भरताच अर्ज लेकीच्या हातात दिला.

"बसवली तर?" लेकीने विचारलं.

"तर पुन्हा तपासणी."

"कधी?"

"शनिवारी, साडेतीनला. त्याआधी मला वेळ नाही." वेळ होता. पण शुक्रवार सुट्टीचा होता, दुकानं बंद, सुतार मिळायचा नाही, हे बाईंनी मनातल्या मनात जोखलं होतं. उतरताना त्यांनी शिवणवाल्या बाईंना सुनावलं, की पोरीबाळी ठेवायच्या तर आधी दाराला कडी लावायची अक्कल हवी. मग त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी हेही विचारलं, की उद्या ही वर आजारी पडली, आत बेशुद्ध झाली, तर कडी लावलेल्या दारातून तुम्ही आत जाणार कशा?

शिवणवाल्या बाईंनी मशीन थांबवलं नाही. त्या म्हणाल्या, "सकाळी खाली उतरली नाही तर वर जाईन. दार वाजवीन. ओ दिली तर परत येईन, नाही दिली तर फोडीन. दार काय, पुन्हा करता येतं."

हे उत्तर बाईंना परतीच्या बावीस मिनिटांत बोचत राहिलं. इतकं सोपं असतं तर आपण पासष्ट कड्या काढल्या असत्या का, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. आणि सोपं असेलही, असं वाटताच त्यांनी पावलं झपझप टाकली.

शुक्रवारी संध्याकाळी लेकीने भांडारघराची किल्ली खिळ्यावरून काढली आणि तासाभराने परत अडकवली. बाईंनी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. जुनी गादी न्यायची असेल, असं त्यांना वाटलं. ने म्हणावं. आणि लगेच मनात आलं, की उद्या परतही आणावी लागेल.

शनिवारी साडेतीनला बाई जिना चढल्या तेव्हा लेक दार उघडं ठेवून चौकटीत उभी होती. हाताच्या बोटाला पट्टी बांधलेली. दाराला आतून कडी होती. पितळी, जाड, जुनी, आणि तिच्या एका कडेला फिक्या हिरव्या रंगाचा ओघळ वाळलेला. वसतिगृहाची सगळी दारं तपकिरी होती. हिरवं दार एकच होतं, क्वार्टरमधल्या आतल्या खोलीचं. पासष्टावं.

बाईंच्या तोंडून शब्द फुटला तो चुकीचाच. "ही संस्थेची मालमत्ता आहे," त्या म्हणाल्या.

"चौसष्ट संस्थेच्या आहेत, डब्यात आहेत, मोजून घ्या," लेक म्हणाली. "ही माझी आहे. तपासा, मॅडम."

ती आत गेली. दार लागलं, कडी सरकल्याचा आवाज आला. बाईंनी फाईल कठड्यावर ठेवली, पदर खोचला आणि खांदा लावून दार ढकललं. हललं नाही. रीतीप्रमाणे एकदा ढकलायचं असे. बाईंनी दुसऱ्यांदा ढकललं, मग तिसऱ्यांदा, सगळा भार टाकून. चौकट करकरली. आपण काय तपासतोय याचं भान त्यांना उरलं नव्हतं. पंधरा वर्षं रोज जे दार नुसत्या तळहाताने उघडायचं, ते उघडायलाच हवं होतं, एवढंच त्यांना कळत होतं. खाली मशीन थांबलं.

आतून लेकीचा आवाज आला. तिने तो चढवला नव्हता. "आई, तू रोज असंच ढकलतेस. रोज ते उघडतं, म्हणून तुला कळत नाही."

बाई थांबल्या. खांदा दुखत होता. मग दाराखालच्या फटीतून अर्ज सरकत बाहेर आला, त्याच्यावर पेन. चौदाव्या प्रश्नापुढचं "नाही" तसंच होतं आणि पालकाच्या सहीची जागा मोकळी होती.

बाईंना तो कागद फाडता आला असता. पावणेचार वाजत होते. नुसतं परत गेलं तरी पाचला काम होणार होतं, लेक खोली नंबर बारामध्ये येणार होती, आणि त्या रोज तळहाताने दार ढकलून आत जाणार होत्या. ते दृश्य त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. त्यात लेक खाटेवर बसलेली होती आणि दाराकडे पाठ करून होती. त्यांच्या लक्षात आलं, की हे दृश्य मनाने रचायला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत, कारण सात वर्षं घरी तेच चाललं होतं. त्यांना भयंकर राग आला. कोणाचा, ते सांगता आलं नसतं.

त्या जिन्यावर खाली बसल्या, कागद मांडीवर घेतला, "नाही" खोडून "आहे" लिहिलं. उरलेले प्रश्न भराभर भरले. पालकाच्या जागी सही केली आणि अठरा वर्षांच्या सवयीने खाली "रेक्टर" लिहून बसल्या. ते खोडलं. "आई" लिहिलं. रेक्टरची सही शेजारी वेगळी केली. कागद फटीतून आत सरकवला. तो आतून ओढला गेला.

आता दार उघडेल म्हणून त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. दार उघडलं नाही. कडी हलल्याचा आवाज नाही. बाईंनी हात उचलला, ढकलायला म्हणून उचलला, आणि मग बोटं मुडपून दारावर दोनदा वाजवलं. ते इतकं हळू झालं, की आत ऐकू गेलं नसावं असं वाटून त्यांनी पुन्हा वाजवलं.

"कोण?" लेकीने विचारलं. बाहेर कोण आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

"मी," बाई म्हणाल्या. कडी तशीच. मग त्या म्हणाल्या, "आई. भेटायला आलेय."

आत लेक दाराजवळ आली. तिचा श्वास ऐकू येत होता, इतकी जवळ. मग ती बोलली. तो आवाज चढत नव्हता आणि उतरतही नव्हता, आणि बाईंनी तो ओळखला, कारण तो त्यांचाच होता.

"भेटायची वेळ रविवारी, चार ते सहा."

फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या आया हे ऐकल्यावर पुढे काय करतात, हे बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना ते कळलं. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहतात. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि जातात. बाईंजवळ पिशवी नव्हती. त्यांनी फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि कठडा धरून जिना उतरल्या.